खंडेनवमीचं कुंकू

१

पाहुण्यांसमोर बोलकं पोर नेमकं मुकं व्हावं, तशी त्या सकाळी बोदवडच्या शेठ भोमराज विद्यालयातल्या संगणकाची गत झाली. हिलालनं पहिली फ्लॉपी आत सरकवली, यंत्रानं थोडी घरघर केली आणि पडद्यावर एवढंच उमटलं की या फ्लॉपीवर काहीही नाही. त्यानं दुसरी लावली, तिसरी लावली. डब्यातल्या सगळ्या लावून झाल्या तेव्हा त्याच्या कपाळावरचा घाम हनुवटीपर्यंत आला होता.

"बठ्ठ्या कोऱ्या शेतस," तो म्हणाला. पुण्याच्या पाहुण्यांपुढे आपण धुळ्याकडची घरची बोली बोललो, हेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

सन एकोणीसशे एकोणनव्वद. दसरा होऊन आठवडा झाला होता. दोन वर्षांपूर्वी सरकारनं खेड्यापाड्यांतल्या काही शाळांना अनुदान दिलं होतं. संगणकावर मुलं शिकतात का, आणि शिकत असतील तर कशी, याचा प्रयोग करून दाखवायचा होता. बोदवडला तीन संगणक आले. गणिताच्या पितांबर राणे सरांनी मराठीतून धडे स्वतः बसून रचले. मुलांनी दिलेलं एकूण एक उत्तर, चुकलेलं आणि बरोबर आलेलं, त्याच फ्लॉप्यांवर साठत गेलं. त्यांच्या नकलांचा दुसरा संच पावसाळ्यात बुरशी लागून गेला होता. म्हणजे दोन वर्षांचं जे काही होतं ते या एका डब्यात. पुण्याहून आलेली सरकारी समिती ते पाहणार आणि पसंत पडलं तर आणखी आठ संगणकांचे पैसे मंजूर करणार, असं ठरलेलं होतं.

संस्थेचे अध्यक्ष सुगनचंद शेठ हे कापसाच्या जिनिंगचे मालक. त्यांनी आठ संगणकांसाठी नवी खोली बांधून, रंगवून, स्टुलं मांडून तयार ठेवली होती. नवरीचा पत्ता नाही आणि मांडव सजलेला, असा प्रकार झाला. शेठ चिडले. चिडलेल्या माणसाला आधी कुणाचं तरी मानगूट लागतं.

"डबा कुणाच्या ताब्यात होता?" त्यांनी विचारलं.

डबा हिलालच्या ताब्यात होता. हिलाल संगणक चालवायला ठेवलेला तरुण, मूळचा धुळ्याकडचा. त्याला नुकतीच धुळ्याच्या एका तंत्रशाळेत सरकारी नोकरी लागली होती, आणि याच योजनेचं दुसरं केंद्र त्या तंत्रशाळेत होतं. शेठांनी दोन अधिक दोन पाच केले. जाता जाता पोरानं घरभेदीपणा केला, उद्या पोलिसात देतो, असं ते चारचौघांत बोलून मोकळे झाले. हिलाल फ्लॉप्या एकेक करून डब्यात परत ठेवू लागला. मागून पितांबर सर आले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"राहू द्या शेठजी," ते हळू आवाजात म्हणाले. "पोरगं आहे."

हे सगळं कोपऱ्यातल्या खुर्चीवरून तोताराम बोंडे पाहत होते. तोतारामभाऊ मुक्ताईनगरचे, निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी. उभा जन्म तालुक्यातल्या शाळा तपासण्यात गेला. राग त्यांच्या नाकावर असायचा, पण वासही त्याच नाकाला बरोबर लागायचा. सुगनचंदांचे ते लहानपणचे सोबती, म्हणून आज पाहुणे.

"सुगन, परवापर्यंत थांब," ते म्हणाले. "पोलीस कुठं पळून जात नाहीत."

समितीच्या अध्यक्षा इंदिराबाई पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनीही तेच सांगितलं. समिती आता धुळ्याचं केंद्र पाहायला जाणार होती आणि परवा दुपारी भुसावळहून पुण्याची गाडी धरणार होती. तोवर बोदवडबद्दल काहीही लिहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

सगळे बाहेर पडल्यावर तोतारामभाऊंनी डब्यातली एक फ्लॉपी उचलली. कागदी पाकीट तपकिरी डागांनी भरलेलं. आत काळी चकचकीत फ्लॉपी. तिच्या पांढऱ्या चिठ्ठीवर पितांबर सरांच्या मोत्यासारख्या अक्षरात 'अपूर्णांक' असं लिहिलेलं आणि कोपऱ्यात लाल ठिपका. त्यांनी ती पाकिटात घातली आणि पाकीट सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

२

हिलालला घेऊन ते एसटी स्टँडसमोर चहाला बसले. पोरानं कपाला हात लावला नाही. त्यानं जे सांगितलं ते सरळ होतं. तो नोकरीच्या मुलाखतीसाठी धुळ्याला गेला होता. जाताना फ्लॉप्यांच्या कपाटाची किल्ली पितांबर सरांकडे देऊन गेला. परतला तो खंडेनवमीच्या दुपारी. शाळेतली पूजा आटोपली होती. विज्ञानाच्या कुंदाबाई मॅडमनी डबा आणि किल्ली त्याच्या हातात दिली, त्यानं डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. पुढे रंगकाम निघालं, आणि समिती येईपर्यंत यंत्रांना कुणी हात लावायचा नाही असं शेठांनी फर्मान काढलं. त्यानंही लावला नाही.

"पोलिसमा नाव गयं ते धुळानी नोकरी गई, भाऊ," तो म्हणाला. "तठे आधी चौकशी करतस, मंग कामवर घेतस."

हे खरं होतं. चारित्र्य पडताळणीत एक ओळ वाकडी आली तर सरकारी नोकरी हातची जाते, हे तोतारामभाऊंनी अनेकदा पाहिलं होतं. फ्लॉप्यांचं काय व्हायचं ते होवो, या पोराचं आयुष्य मात्र परवा दुपारपर्यंत टांगणीला लागलं होतं. तुझा कुणावर संशय आहे का, असं त्यांनी विचारलं. हिलालनं नाही म्हणून मान हलवली. त्याला फक्त सरांचं वाईट वाटत होतं.

"माले हाई काम सरनीच शिकाडं," तो म्हणाला. "त्यासनी दोन वरीसनी मेहनत गई. मन्हं काय, मी एकटा शे."

मुख्याध्यापक लीलाधर झोपे, म्हणजे सगळ्यांचे नाना, यांनी भाऊंना आधी शाळेचं गळकं छप्पर दाखवलं आणि मग संगणकाची निंदा केली. सरकारचा नियम असा होता की एका यंत्रापुढे एकच मूल बसवायचं. त्यामुळे तिघं आत आणि बाकीचा वर्ग व्हरांड्यात कालवा करत उभा. कपाटाची दुसरी किल्ली? ती पहिल्या दिवसापासून शेठांच्या जिनिंगवरच्या तिजोरीत पडून होती, आणि तिजोरी शेठांशिवाय कुणी उघडत नव्हतं. शेठ तर खोली बांधून संगणकांची वाट पाहत बसलेले.

"आणि चोरायचंच असतं तर मी यंत्र चोरलं असतं," नाना म्हणाले. "ते काळे पापड चोरून काय तळू?"

पितांबर सर त्यांच्या भाड्याच्या खोलीत शांत बसलेले सापडले. चाळिशीचा, सडसडीत, डोळ्यांखाली काळं झालेला माणूस. त्यांनी सगळं न अडखळता सांगितलं. अष्टमीच्या दुपारी त्यांनी स्वतः मुलांना शेवटचा पाठ दिला तेव्हा सगळ्या फ्लॉप्या ठीक होत्या. नवमीच्या सकाळी त्यांनी डबा कपाटातून काढून पूजेसाठी कुंदाबाईंच्या हवाली केला. फ्लॉपीला कुंकू लावू नका, कण आत गेला तर यंत्र बिघडेल, एवढं बजावलं आणि किल्ली देऊन ते वरणगावला गेले. तिथं आई आजारी होती. परतले ते समितीच्या आदल्या संध्याकाळी.

"कुणाला दोष देऊ नका भाऊ," ते म्हणाले. "आपल्याकडचं ऊन, बुरशी, काहीही असू शकतं. समितीनं एक वर्ष मुदत दिली तर मी सगळं पुन्हा उभं करीन."

माणूस भला होता. भाऊंना तो आवडला. पण खोलीतून बाहेर पडताना भातात खडा लागावा तसं काहीतरी त्यांना लागलं. ज्याची दोन वर्षं चोरीला गेली, तो मुदत मागत होता. चोर कोण, हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ संगणकाच्या जुन्या खोलीत गेले. तीन यंत्रं, त्यांतलं एकच चालू. पावसाळ्यात ओल धरून दोन बंद पडली ती अजून दुरुस्तीला जायची होती. चालू यंत्रापुढे एक लांब बाक ओढलेला. सातवीची तीन मुलं त्यावर सवयीनं येऊन बसली, जणू काल काही झालंच नव्हतं.

एका यंत्रापुढे एकानंच बसायचं ना, असं भाऊंनी विचारलं. मुलं हसली. दोन यंत्रं मेल्यापासून सर तिघांना एकत्र बसवत होते.

"एकटं बसलं तं डोकं नही चालत," मधली मुलगी म्हणाली. "तिघं बसलो तं भांडन होतं, मंग उत्तर येतं."

भाऊंना हसू आलं. ती ओळ त्यांनी तेव्हा नुसती ऐकली. फ्लॉपी कोण लावतं, असं त्यांनी विचारलं. आम्हीच, म्हणत मुलांनी हात पुढे केले. सरांचा तो नियमच होता. यंत्राची भीती मोडावी म्हणून ज्याचा पाठ, त्यानं आपल्या हातानं फ्लॉपी काढायची, लावायची, परत पाकिटात घालायची.

भाऊ त्या हातांकडे बघत राहिले. पहाटे केळीच्या बागेत घड उतरवायला मदत करून आलेले ते हात. केळीचा चीक ज्यानं अंगावर घेतला आहे त्याला सांगायला नको. ओला असताना पाण्यासारखा दिसतो, वाळला की तपकिरी होतो आणि मग कापड फाटेल पण डाग निघणार नाही. मुलांच्या बोटांच्या पेरांवर तो होता. बाकाच्या कडेवर होता. यंत्राच्या कळांवर होता.

त्यांनी खिशातलं पाकीट काढलं. पाकिटावर बोटांचे तपकिरी ठसे एकावर एक. मग त्यांनी फ्लॉपी बाहेर ओढली. दोन वर्षं याच बोटांनी धरलेल्या फ्लॉपीवरची पांढरी चिठ्ठी धुतल्या तांदळासारखी स्वच्छ होती. ते कपाटाकडे गेले आणि डब्यातल्या सगळ्या काढून पाहिल्या. पाकिटं मळकी, चिठ्ठ्या स्वच्छ.

फ्लॉप्या कुणी पुसल्या नव्हत्या. बदलल्या होत्या. जुन्या पाकिटांत नव्या कोऱ्या घालून, वर तसंच अक्षर गिरवलेल्या चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्या होत्या. म्हणजे खऱ्या फ्लॉप्या अजून कुठंतरी शाबूत होत्या.

आनंदाच्या भरात भाऊंनी हे जिनिंगवर जाऊन सुगनचंदांना सांगितलं, आणि सांगितल्या सांगितल्या जीभ चावली. शेठांचे डोळे चमकले.

"मग मी काय म्हणत होतो?" ते म्हणाले. "नवमीपासून किल्ली त्याच्याकडेच. माल धुळ्याला पोचता झाला. तोताराम, तू माझ्यावर उपकार केलेस. आता नुसती नासधूस नाही, चोरीची फिर्याद देतो."

पोराला विहिरीतून काढायला दोर टाकावा आणि त्याचाच फास बसावा, तसं झालं. भाऊ स्वतःवर चरफडत परत फिरले.

४

एक गोष्ट मात्र त्यांना पटेना. चिठ्ठ्या स्वच्छ, मग त्यावर तो लाल ठिपका कुठून आला? सरांनी तर कुंकू लावायची मनाई केली होती.

कुंदाबाई बऱ्हाटे विज्ञान शिकवायच्या. धडे रचताना त्यांनीही हातभार लावला होता आणि अहवालात आपलं नाव नाही म्हणून त्या रुसलेल्या होत्या. ठिपक्याचं नाव काढताच रुसवा बाजूला राहिला आणि त्या चांगल्याच ओशाळल्या. भाऊंनी खोदून विचारल्यावर त्यांनी शाळेत झाडलोट करणाऱ्या झुंबरअक्काला बोलावलं. 

खंडेनवमीला ज्याचं जे हत्यार त्याची पूजा होते. शेतकऱ्याचं औत, सुताराची करवत. शाळेत पाटावर मांडले होते फळ्यावरचा कंपास, प्रयोगशाळेतला तराजू, झुंबरअक्काचा झाडू आणि फ्लॉप्यांचा डबा. सर डबा देऊन, बजावून निघून गेले. कुंदाबाईंनी मुलींना सांगितलं की कुंकू फक्त पाकिटांना लावा. पण झुंबरअक्का अडून बसली.

"आंगरख्याले कोन्ही कुंकू लावतं का?" आत्ताही तिनं तेच भाऊंना ऐकवलं. "कपायाले लावतंत. मी म्हनलं, काढा बाहेर एकेकीले. सरले कायले सांगायचं, उगंच रागवतीन."

मग मुलींनी एकेक फ्लॉपी बाहेर काढली, झुंबरअक्कानं ओल्या कुंकवाचं बोट चिठ्ठीच्या कोपऱ्यात टेकवलं, फुंकर मारून वाळवलं आणि ती पाकिटात परत गेली. सगळ्यांनी मिळून ही गोष्ट सरांपासून लपवली. कोण कशाला बोलणी खाईल?

"एकही सुटली नाही ना अक्का?" भाऊंनी विचारलं.

"द्येवाचं काम, सोडीन कशी?"

भाऊ व्हरांड्याच्या पायरीवर बसले. त्यांनी मनाशी गणित मांडलं आणि ते एका ओळीत सुटलं. कपाटातल्या फ्लॉप्या नव्या होत्या, कारण त्यांना चीक नव्हता. पण त्याच फ्लॉप्यांना नवमीचं कुंकू होतं. म्हणजे पाटावर बसून झुंबरअक्काच्या हातचं कुंकू लावून घेतलं ते कोऱ्या फ्लॉप्यांनीच. बदल पूजेच्या आधी झाला होता. पूजेनंतर किल्ली हिलालकडे होती, त्याला आता काही अर्थ नव्हता. तो आला तेव्हा डब्यात चोरण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

चोरी कधी झाली हे कळलं की कुणी केली हे वेगळं विचारावं लागत नाही. अष्टमीच्या दुपारी मुलांनी शेवटचा पाठ केला, नवमीच्या सकाळी डबा पाटावर आला. त्या मधल्या वेळात किल्ली एकाच माणसापाशी होती. चिठ्ठ्यांवरचं मोत्यासारखं अक्षर कुणी गिरवलेलं नव्हतं, त्याचंच होतं. त्यानंच कुंकवाला मनाई केली होती, म्हणून त्यानंच कुंकवाचा विचार केला नव्हता.

भाऊंना उलगडा झाल्याचं काही समाधान वाटलं नाही. उलट असं वाटलं की हे दुसरं कुणी असतं तर फार बरं झालं असतं.

५

पितांबर सर जुन्या खोलीत त्याच लांब बाकावर एकटे बसले होते. भाऊ शेजारी जाऊन टेकले. त्यांनी फ्लॉपी पाकिटातून काढून दोघांच्या मधे ठेवली, चीक कुठं नाही ते दाखवलं, कुंकू कुठं आहे ते दाखवलं. आवाज चढवला नाही. इतकी वर्षं शाळांमधून गरजलेल्या माणसाला तो त्या दिवशी चढवावासाच वाटला नाही.

सरांनी तो लाल ठिपका पहिल्यांदाच नीट पाहिला. 

"झुंबरअक्का," ते म्हणाले, आणि किंचित हसले. मग त्यांनी तोंड ओंजळीत धरलं.

"पुसून का नाही टाकल्यात?" भाऊंनी विचारलं. "पुसल्या असत्या तर मला काही सापडलं नसतं."

"हात धजला नाही. पोरांची उत्तरं आहेत त्यात."

हळूहळू सगळं बाहेर आलं. सरकारचा नियम एका मुलामागे एक यंत्र, आणि पुढचा हप्ता त्याच नियमावर आठ यंत्रांचा. पहिलं दीड वर्ष सरांनी मुलांना एकेकटं बसवलं. मुलं गप्प बसायची, चुकायची, पुन्हा चुकायची आणि कंटाळायची. धड्यांनी काही फरक पडला नव्हता. मग पावसानं दोन यंत्रं बंद पाडली आणि नाइलाजानं तिघंतिघं एका बाकावर आली. ती भांडू लागली, एकमेकांना घरच्या बोलीत समजावू लागली, आणि उत्तरं बरोबर यायला लागली. गणितात कच्ची म्हणून सोडून दिलेली मुलंसुद्धा वर आली.

म्हणजे प्रयोगाचा निकाल असा होता की आठ यंत्रं नकोत. बाक हवेत.

हे समितीला दाखवायचं कसं? शेठांनी खोली बांधलेली, गावानं पेढे वाटलेले, नानांनी छपराचं काम बाजूला ठेवलेलं. आपला प्रयोग फसला असं म्हणतील आणि आहे तेही काढून नेतील, अशी सरांना धास्ती बसली. फ्लॉप्या खराब झाल्या म्हणावं, वर्षाची मुदत घ्यावी, यंत्रं आली की पुढचं पुढं पाहावं, असा त्यांनी बेत केला. आपण गावात नसलो की आपल्यावर प्रश्न येणार नाही, एवढंच त्यांनी पाहिलं. आपल्या मागे डबा कुणाच्या ताब्यात राहील, याचा विचार त्यांना सुचला नव्हता.

"नाही सुचला, मान्य," भाऊ म्हणाले. "पण काल सकाळी तर सुचला? सुगन त्याला चोर म्हणाला तेव्हा?"

सर उठले, खोलीवर गेले आणि आईसाठी आणलेल्या औषधांच्या पिशवीतून फ्लॉप्यांचं पुडकं काढून घेऊन आले. त्यांच्या चिठ्ठ्या चिकानं इतक्या माखल्या होत्या की त्यावरची अक्षरं जेमतेम लागत होती.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी भुसावळ स्टेशनच्या बाकावर इंदिराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पितांबर सर स्वतः बोलले, उभ्यानं बोलले, काही राखलं नाही. सुगनचंद शेठ आले होते आणि पायांकडे बघत होते. येण्याआधी त्यांनी फिर्यादीचा कागद फाडला होता आणि हिलालची माफी मागायला माणूस पाठवला होता. स्वतः गेले नव्हते.

सर थांबल्यावर इंदिराबाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांना राग आलेला नव्हता. राग आला असता तर सरांना ऐकायला सोपं गेलं असतं.

"राणे, एका मुलाला एक यंत्र हे या राज्याला पन्नास वर्षांत परवडणार नाही," त्या म्हणाल्या. "ते आम्हाला माहीत आहे. धुळ्याला काल यश दाखवलं, त्याआधी दोन ठिकाणी दाखवलं. सगळीकडे यशच. तिघांत एक यंत्र पुरतं, उलट जास्त चांगलं शिकवतं, हे कुणीतरी सिद्ध करून द्यावं म्हणून तर हे पैसे होते. तुम्ही ते केलंत."

पितांबर सरांनी फ्लॉप्यांचं पुडकं पुढे केलं. इंदिराबाईंनी ते हातात घेतलं, वरच्या चिठ्ठीवरचे डाग पाहिले आणि परत दिलं.

"आता मला हे घेता येत नाही," त्या म्हणाल्या. "इतके दिवस हे तुमच्या पिशवीत होतं आणि तुम्ही खोटं बोलत होता. यातलं एक उत्तरही तुम्ही बदललेलं नाही, हे मला पटतंय. पण मला पटून भागत नाही. पुण्यात पहिला माणूस हेच विचारील, आणि मी काय सांगू?"

गाडी आली. त्या चढल्या. दारात उभ्या राहून त्या काहीतरी बोलल्या, पण फलाटावरच्या केळीवाल्यांच्या ओरडण्यात ते कुणाला ऐकू आलं नाही. सर पुडकं छातीशी धरून उभे होते. शेठांनी त्यांना चला म्हटलं, मग नुसतेच शेजारी थांबून राहिले.

पुढे अनुदान बंद झालं. नव्या खोलीत नानांनी मोडके बाक ठेवले. पितांबर सरांनी शाळा सोडली नाही, शाळेनंही त्यांना सोडलं नाही. चालू होतं ते एक यंत्र चालू राहीपर्यंत मुलं त्या लांब बाकावर तिघंतिघं बसून भांडत राहिली आणि गणितं सोडवत राहिली. त्याची नोंद मात्र कुणी ठेवली नाही. तोतारामभाऊंना वाईट वाटायचं ते याचंच. खोटं पचलं असतं तर एक वेळ समजण्यासारखं होतं. इथं खऱ्यालाच खोट्याच्या पिशवीत ठेवून नासवलं होतं.

७

हिलाल धुळ्याला निघाला त्या दिवशी भाऊ त्याला पोचवायला बोदवडच्या स्टँडवर गेले. पत्र्याची पेटी, वर वळकटी. झुंबरअक्कानं दशम्या बांधून दिल्या होत्या. पडताळणीचा कागद निर्वेध आला होता. पोराचा चेहरा मात्र मोकळा नव्हता.

पितांबर सरही आले होते. ते लांब, पानटपरीच्या आडोशाला उभे होते. पुढे यावं की नाही हे त्यांचं ठरत नव्हतं. हिलालनं त्यांना पाहिलं होतं. भाऊंनी त्याला हळूच सुचवलं की जाऊन एकदा भेट, त्यांना बरं वाटेल, शेवटी तुझे गुरू आहेत. हिलाल गेला. त्यानं वाकून नमस्कार केला. सर काही बोलायला गेले तोवर तो वळून परतही आला.

धुळ्याची गाडी लागली. पेटी टपावर चढली. खिडकीशी बसून हिलालनं गजाला हात धरला आणि भाऊंकडे पाहिलं.

"भाऊ, एक इचारू?" तो म्हणाला. "त्या दिन बठ्ठा माले चोर म्हनी राहिंतात, तव्हय सरनी मन्हा खांदावर हात ठेयेल व्हता. तो हात काबर ठेया व्हई त्यासनी?"

आयुष्यभर शाळाशाळांतून जाऊन प्रश्न विचारणारे तोतारामभाऊ खिडकीखाली उभे राहिले. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी जागची हलली, तेव्हा भाऊ पानटपरीच्या आडोशाकडे बघत होते.